उपासाची ज्वारी

“ज्वारी? अहो, ज्वारी कुठल्या उपासाला चालते?”

परवा दशमीला सकाळी सव्वाआठ वाजता, नौपाड्यातल्या एका पिठाच्या गिरणीत, आठ-दहा माणसांच्या देखत एका आजींनी मला हा प्रश्न विचारला. आजींची उंची माझ्या कोपराएवढी. आवाज मात्र गिरणी चालू असतानाही गिरणीच्या वर ऐकू येणारा. सेहेचाळीस वर्षांचा, बँकेत लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासणारा मी खोटं बोलताना पकडलो गेलो, तेही चार किलो ज्वारीपायी.

आता मागचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगून मला कंटाळा आला आहे. मला सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू, जव किंवा राय यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर धावून जातं. आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखी लव असते. ती झिजून टॉवेलचा पंचा होतो, आणि पंचा काही लोह-कॅल्शियम टिपत नाही. पाच वर्षं मी लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. शेवटी रक्ताची एक तपासणी झाली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा कळलं. यावर औषध नाही. गहू सोडायचा, जन्मभर. बस.

घरी घरघंटी आहे. होती म्हणायला हवं, कारण तिचा पट्टा तुटला आणि दुरुस्तीवाला तीन आठवडे “उद्या नक्की” म्हणतो आहे. बाजारातलं ज्वारीचं तयार पीठ आणावं तर पाकिटामागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की जिथे हे दळलं तिथे गहूही दळला जातो. राहता राहिली गिरणी. पण पिठाच्या गिरणीत गहू कुठे नसतो? दगडात असतो, कापडी नळ्यात असतो, वजनकाट्यावर असतो, गिरणीवाल्याच्या भुवयांत असतो. आणि ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे ग्लुटेन वीस मिलिग्रॅमच्या आत हवं, असा आपल्याकडचाही नियम आहे. हिशेब केला तर किलोभर पिठात चिमूटभर कणीकसुद्धा जास्त होते.

मागच्या महिन्यात मी गिरणीवाल्याला खरं सांगून पाहिलं होतं. म्हटलं, आजार आहे, माझं दळण टाकायच्या आधी तेवढी साफ कराल का? हवं तर जास्त पैसे घ्या. त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. “साहेब, थोडा गहू लागला तर काय होतंय? उलट ताकद येईल.” मागचे दोघे हसले. मी ज्वारी घेऊन घरी आलो आणि त्या आठवड्यात तिसऱ्यांदा तांदूळ मिक्सरमधून काढला. मिक्सरमधल्या पिठाची भाकरी थापली की तिचा महाराष्ट्राचा नकाशा होतो, कोकणपट्टीसकट.

याच गिरणीत भिंतीवर एक पाटी आहे: ‘दशमीला सकाळी ७.३० ते ९ फक्त उपासाचे दळण.’ त्या दिवशी जे होतं ते डोळ्यांनी बघावं. दगड उघडतात, कुंचल्याने कोपरान्‌कोपरा झाडतात, नळा काढून बाहेर झटकतात, मग किलोभर वरी नुसती फिरवून ते पीठ बाजूला ठेवतात. एवढं करून गिरणीवाला हात धुतो. हात! म्हणजे जे मी पैसे देऊन मागत होतो ते सगळं महिन्यातून दोनदा आपोआप होतं. फक्त ते माझ्या आतड्यासाठी नसतं, विठ्ठलासाठी असतं.

विठ्ठलाशी माझं वैर नाही. उलट एकादशी हा माझा सण आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे इतर लोक चेष्टेत म्हणतात, मी मनापासून पाळतो. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, सगळं चालतं. अख्ख्या ठाण्याचा जेव्हा उपास असतो तेव्हा माझं पोट भरलेलं असतं. तर मी ठरवलं, देवाच्या नावावर एक दळण खपवायचं. काळ्या पिशवीत स्टीलचा डबा, डब्यावर झाकण, झाकणावर रुमाल. गिरणीवाल्याने “काय आहे?” विचारल्यावर मी खालच्या आवाजात म्हटलं, “उपासाचं.”

त्याने झाकण उघडलं, ओंजळभर हातात घेतलं, आणि बाजारात चोरीचा माल सापडावा तसं म्हणाला, “साहेब, ही तर ज्वारी.”

तिथे माझ्या मागे राजगिऱ्याची पिशवी छातीशी धरून त्या आजी उभ्या होत्या.

“धान्यफराळ आहे,” मी म्हटलं. हे कुठून सुचलं माहीत नाही. आमच्या आत्याकडे नवरात्रात असायचा.

“धान्यफराळाला धान्य भाजून घेतात,” आजी म्हणाल्या. डब्यात बोट घालून त्यांनी दोन दाणे दाताखाली धरले. त्या वयात ते दात स्वतःचे होते हे मला नोंदवायलाच हवं. “कच्ची आहे. आणि एकादशीला कसला आलाय धान्यफराळ?”

इथे रांगेत उघड दोन तट पडले. वरीवाल्या एका ताई म्हणाल्या, त्यांच्या सासरी विदर्भात काय काय चालतं ते ऐकलं तर आजींना चक्कर येईल. शिंगाड्यावाले म्हणाले, भेंडी चालते की नाही हे आधी ठरवा. कुणीतरी ऋषिपंचमी काढली, बैलाच्या कष्टाचं चालत नाही तर ट्रॅक्टरने नांगरलेलं चालावं का? या प्रश्नावर मात्र गिरणीवाल्यासकट सगळे दोन मिनिटं गंभीर झाले. मी मध्ये उभा. माझ्या डब्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि घड्याळात साडेआठ वाजले होते. नऊला गहू सुरू होणार होता.

मग मी हात जोडून खरं सांगून टाकलं. आजार, आतडं, टॉवेल, पंचा, सगळं. आजी क्षणात ‘अहो’वरून ‘अरे’वर आल्या. “अरे, मग हे आधी सांगायचं. खोटं कशाला? पण बाळा, तुझी ज्वारी त्यात घातली की पुढचा माझा राजगिरा बाटला ना!”

आणि मी म्हणालो, अगदी स्वच्छ आवाजात म्हणालो: “आजी, एवढ्याशाने काय होतं?”

हे वाक्य मी गेली चार वर्षं ऐकतो आहे. काका म्हणाले, एवढ्याशा शिऱ्याने काय होतं, प्रसाद आहे. मेव्हणा म्हणाला, एवढ्याशा केकने काय होतं. एका केटररने आमटीबद्दल म्हटलं, आमटीत कुठला आलाय गहू? आता आमटीत हिंग असतो. आमच्या घरातल्या हिंगाच्या डबीमागचं मी एकदा भिंगातून वाचलं, तर डिंक होता, हिंग होता आणि मैदा होता. त्या दिवशी मला कुणी घरातलंच माणूस फितूर निघाल्यासारखं वाटलं. ज्याला ज्याला मी हे समजावलं त्याच्यावर मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले, आणि परवा गिरणीत तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. आजींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी ओळखलं. मीही लोकांकडे तसंच पाहतो.

गप्प बसवेना म्हणून मी शास्त्राचा आधार घेतला. रांगेच्या बाजूला एक निवृत्त गृहस्थ गव्हाची पिशवी घेऊन नऊ वाजायची वाट बघत होते. तलावपाळीला तीन फेऱ्या मारून आलेले, पायात पांढरेशुभ्र बूट. ते म्हणाले, “हे सगळं नवीन आहे. आमच्या वेळी नव्हतं.” मी म्हटलं, काका, विलेम-कारेल डिके नावाचे हॉलंडमधले मुलांचे डॉक्टर होते. त्यांना 1930च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. आणि त्या उपासमारीत ही आजारी मुलं मात्र सुधारली. पुन्हा पाव मिळायला लागला तशी ती पुन्हा खालावली. मी हे सांगताना नेहमी जरा भारावतो. एवढ्या सगळ्या हालात एका माणसाचं लक्ष नेमकं तिथे गेलं, याचं मला फार वाटतं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे उपाशी राहिलं आणि बरं वाटलं,” ते म्हणाले. “हेच तर आपल्याकडे पहिल्यापासून सांगितलंय.”

“काका, उपाशी नाही. पाव नाही.”

“तेच ते. लंघन.” त्यांनी रांगेकडे वळून जाहीर केलं, “हॉलंडमध्येसुद्धा सिद्ध झालंय.” रांगेने माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत हे मला फॉरवर्ड होऊन आलं नाही हेच नवल.

खरं सांगायचं तर मला राग उपासाचा येत नाही, त्याला मिळणाऱ्या मानाचा येतो. आमच्या शाखेत एकीचा गुरुवार असतो. हे शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पार्टीचं ठरलं की आधी विचारतात, उपासवाले किती, जैन किती. माझ्या वाटेला “तू राइस खा ना, राइस चालतो ना तुला?” येतं. राइस चालतो, पण तो चायनीज असतो, त्यात सोया सॉस असतो आणि सोया सॉसमध्ये गहू असतो. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर येतं, किती ते कौतुक करून घ्यायचं. त्यात हल्ली वजन उतरवायला ‘मीपण ग्लुटेन सोडलंय’ म्हणणारे भेटतात. ते शनिवारी पिझ्झा खातात आणि मला विचारतात, तुझा चीट डे कधी? कुणी तिला नाही विचारत, गुरुवारी थोडं मटण खाल्लं तर काय होतं. विचारूही नये. पण तिच्या गुरुवारी कुणी मटणाचा चमचा साबुदाण्यात बुडवला तर शाखेत पंचनामा होईल, आणि माझ्या भातात पोळीचा चमचा रोज बुडतो. एकदा लग्नात तर मी चार केळी खाऊन घरी आलो. 1924 मध्ये अमेरिकेत सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी याच आजाराच्या मुलांना केळ्यांवर ठेवलं होतं. शंभर वर्षांत माझी प्रगती एवढीच.

असो. गिरणीत शेवटी तोडगा आजींनीच काढला. “ह्याचं उपासाच्या सगळ्यात शेवटी दळ, पण गव्हाच्या आधी.” इतकं सोपं होतं. हे ना मला सुचलं, ना गिरणीवाल्याला. माझी ज्वारी नऊला पाच मिनिटं असताना दगडात पडली आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आजी थांबल्या होत्या. राजगिऱ्याचं गरम पीठ पोटाशी धरून म्हणाल्या, “बाळा, सोळा सोमवार कर. कसलाही आजार असो. माझ्या जावेचा दमा गेला.”

“करतो आजी.”

“प्रसादाला काही लागत नाही फार. अर्धा शेर कणीक, तूप, गूळ. चुरमा करायचा. त्यातला तिसरा भाग आपण खायचा, त्या दिवशी दुसरं काही नाही.”

मी म्हटलं, “आजी, कणीक.”

“हो, कणीकच. रवा नको,” असं बजावून त्या निघून गेल्या.

तेवढ्यात नऊ वाजले. गिरणीवाल्याने काकांचा गहू टाकला, दोन्ही हातांनी सारखा केला, मग माझ्याकडे वळला. आज मला नाराज केल्याचं त्यालाही वाईट वाटत असावं. “साहेब, एकदम बारीक काढलंय, बघा,” म्हणत त्याने कोपरापर्यंत पांढरा झालेला हात माझ्या डब्यात घातला, चिमटीत पीठ चोळलं, बाकीचं प्रेमाने परत आत टाकलं.

ते पीठ घरी आहे. बायको आणि मुलगा त्याच्या भाकऱ्या खात आहेत, छान होतात म्हणे. दुसऱ्या दिवशी मी घरघंटीवाल्याला फोन केला. पट्टा आलाय म्हणाला.

“मग आज पाठवा ना कुणाला.”

“आज एकादशी ना साहेब. पोरगा उपाशी आहे, त्याला जिने चढवत नाही. समजून घ्या.”