ओटीपी दिला नाही की झालं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड’ एवढंच लिहिलंय, म्हणून नाव न घेताच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डीपफेक (संगणकाने बनवलेले खोटे चेहरे आणि आवाज), क्वांटम संगणक हे सगळे हिंजवडीतल्या कंपन्यांनी माल खपवायला उभे केलेले बागुलबुवा, सामान्य माणसाने ओटीपी कुणाला सांगितला नाही आणि अनोळखी लिंक उघडली नाही की काम झालं.

माल खपवण्याबद्दल वाद नाही. जुन्याच अँटिव्हायरसवर ‘एआय’चं लेबल चिकटवून दुप्पट भाव लावणारे मीही पाहतो. पण तुम्ही बँकेतले, तेव्हा बँकेचंच उदाहरण घेऊ, तेही आपल्या गावचं.

ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. किती खातेदारांनी ओटीपी सांगितला होता? एकानेही नाही. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा स्विच या मधल्या यंत्रणेमार्फत कोअर बँकिंगकडे, म्हणजे खात्यांच्या मुख्य हिशेबाकडे जाते, तिथे शिल्लक तपासली जाते आणि मग नोटा बाहेर येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. चोरांनी मधल्या मध्ये स्वतःचा खोटा स्विच बसवला. विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नव्हती. वाटेतच ‘द्या पैसे’ असं उत्तर मिळत होतं. बनावट कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमसमोर उभी होती. त्या ९४ पैकीच जवळजवळ १४ कोटी दोन दिवसांनी स्विफ्टमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या बँकांच्या संदेशजाळ्यातून, हाँगकाँगला वळते झाले. खातेदार कितीही सावध असता तरी यात काय करणार होता?

बरं, बँकेने स्वतःचं घर नीट केलं तरी भागत नाही. जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (संगणक अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला. ती छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवते. संसर्ग पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक यूपीआय आणि एटीएमविना बसले. त्यातल्या बहुतेकांनी या कंपनीचं नावही ऐकलं नसेल. पुढच्या काळातली माझी मोठी काळजी हीच आहे, डीपफेकच्याही आधी.

डीपफेकचंही बघा. २०२४च्या सुरुवातीला अरूप या कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. आलेल्या ईमेलचा त्याला आधी संशय आला होता. म्हणजे तुमचा नियम त्याने पाळला! तो संशय व्हिडिओ कॉलवर फिटला, कारण समोर ओळखीचे साहेब आणि सहकारी दिसत होते. सगळे नकली. आपल्याकडच्या ‘डिजिटल अरेस्ट’मध्येही, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवर धमकावतात त्यात, ओटीपी अनेकदा कुणी मागतच नाही, घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने आरटीजीएस करतो.

क्वांटमबद्दल अर्धं तुमच्याशी सहमत. माहिती कूटबद्ध करणाऱ्या आजच्या कुलपांना तोडेल असा संगणक अजून कुणी दाखवलेला नाही, आणि घरबसल्या त्याची चिंता करण्याचं कारण नाही. पण आज चोरलेला कूटबद्ध मजकूर साठवून ठेवून पुढे उघडता येतो. कार्ड बदलता येतं, बोटांचे ठसे नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने क्वांटमपुढेही टिकतील अशा नव्या कूटबद्धीकरण पद्धतींची पहिली तीन मानकं ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर केली. लेजरवरून संगणकावर यायला बँकांना किती वर्षं लागली, ते तुम्ही आतून पाहिलं असेल. हे बदलही तितकेच रेंगाळतील, म्हणून आत्ता बोलायचं.

‘ओटीपी देऊ नका’ हे सांगत राहायलाच हवं, आणि फसलात तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा हेही. माझा आक्षेप एवढाच की पैसे गेले की सगळं खापर खातेदाराच्या बेसावधपणावर फुटतं आणि मधले पुरवठादार बिनबोभाट सुटतात.

‘मग आम्ही करायचं काय?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. एखाद्या सहकारी बँकेचे सभासद असाल तर यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाचा विषय संपला की उठा आणि विचारा: आपला स्विच कोण चालवतं, त्यांची तपासणी शेवटची कधी झाली, आणि ते दोन दिवस बंद पडले तर आपलं काउंटर कसं चालणार? बँकेत आयुष्य गेलेल्या सभासदाला गोलमोल उत्तर देणं अध्यक्षांनाही जड जाईल. काय उत्तर मिळालं ते इथे जरूर लिहा.