मालकाचं उत्तर: कॅम्परला आलेली नोटीस

नमस्कार सर,

आमच्या वर्कशॉपला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आमच्याकडून घेतलेला कॅम्पर, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, शेतात ठेवून भाड्याने दिलात म्हणून तहसीलची नोटीस आली, घरच्यांना मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. डिलिव्हरीला बारा दिवस उशीर झाला, तीही चूक आमचीच.

पण 'चाकं आहेत, परवानगी लागत नाही, असं सांगून गळ्यात मारलं' हे वाचून जिवाला लागलं. असं मी म्हणालो नाही. चाकांसाठी आरटीओची नोंदणी लागते, ती आम्ही करून दिली. ती रस्त्यापुरती. जमिनीचं सातबाऱ्यावर ठरतं. तुमचे अकरा गुंठे शेतीचे आहेत. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात शेतघर चालतं, पण ते शेतकऱ्याच्या कुटुंबाला, गड्यांना राहायला, अवजारं-चारा ठेवायला. शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने दिलं की तो अकृषिक वापर होतो, आणि विनापरवानगी असला तर कलम ४५ चा दंड लागतो. मग भिंत विटांची असो की पत्र्याची.

हे सगळं वर्कशॉपमध्ये चहा घेताना सांगितलं होतं. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर मराठीतच लिहिलंय, 'जागेच्या परवानग्या ग्राहकाने तलाठी व ग्रामपंचायतीकडे विचारून घ्याव्यात.' त्याखाली तुमची सही आहे. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'तलाठी ओळखीचे आहेत, ते मी बघतो.'

आणि तुम्हीच टाकलेला तिसरा फोटो बघा सर. चारही चाकं काढून जांभळाखाली रचलीत. कॅम्पर सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टने आवळलाय, मागे टाइल्सचा संडास, शोषखड्डा. आम्ही दिला तेव्हा तो हुकाला लावून ओढून नेता येत होता. चौथऱ्याचं आम्हाला एका शब्दाने विचारलं नाहीत.

राज्याच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन (राहायची सोय असलेल्या गाड्यांच्या) धोरणाचा दाखला दिलात. ते पर्यटनासाठी आहे, त्यात गाडीची आणि ती उभी करायच्या कॅरॅव्हॅन पार्कची पर्यटन संचालनालयात नोंदणी करावी लागते. तुम्ही ती केली नव्हती.

भोसरीत माझ्याकडे सात वेल्डर आहेत. तुमचा रिव्ह्यू वाचून आज सकाळी एका गिऱ्हाइकाने बुकिंग थांबवलं. अठरा वर्षांत मला कुणी फसवा म्हटलं नव्हतं.

यापुढे बुकिंगच्या वेळी सातबारा बघायची काहीतरी पद्धत लावतो. चाकं परत बसवायला माणूस पाठवतो, मजुरी घेणार नाही. चौथरा मात्र तुम्हालाच काढावा लागेल. 'फसवलं' हा शब्द तेवढा काढता आला तर बघा.