तळ्यात, मळ्यात आणि उधारीच्या वहीत

2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरुद्धच्या ठरावावर भारत 35 तटस्थांमध्ये राहिला. तेव्हापासून मायदेशी एकच टुमणं चालू आहे: हे तळ्यात-मळ्यात कुठवर? ‘बाजू घ्या’ म्हणणाऱ्यांचा लाडका दाखला अमेरिकेचा. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये तिने म्हणे तत्त्वासाठी तटस्थता सोडली.

तत्त्व असेलही. आधी उधारीची वही बघा. ऑगस्ट 1914 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी तटस्थता जाहीर केली. परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी लढणाऱ्यांना कर्ज द्यायलाच हरकत घेतली. पैसा हा सर्वांत वाईट निषिद्ध माल, कारण बाकीचा माल त्याच्यामागून येतो, हे त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरातच पळवाट निघाली: कर्ज नको, पण गिऱ्हाइकाला उधारी चालेल. वर्षभराने मॉर्गन यांच्या पेढीमार्फत ब्रिटन-फ्रान्सला 50 कोटी डॉलरचं उघड कर्ज मिळालं. कागदोपत्री बाजार दोन्ही बाजूंना खुला होता. पण ब्रिटिश आरमाराने जर्मनीची वाट अडवली होती, त्यामुळे गिऱ्हाईक एकच उरलं. इतकी उधारी थकल्यावर ते गिऱ्हाईक हरलेलं परवडत नाही.

मे 1915 मध्ये जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने ल्युसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडाली. तिच्या पोटात काडतुसांच्या पेट्याही होत्या. लढणाऱ्यांच्या जहाजांवर आपले लोक चढू देऊ नका, इतकीच ब्रायन यांची मागणी होती. ती मानली गेली नाही आणि जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

जर्मन पाणबुड्यांचा मोकाट हल्ला आणि मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध फितवणारी जर्मनीची तार ही कारणं खोटी नव्हती. तरीही एप्रिल 1917 मध्ये सिनेटमध्ये 6 आणि प्रतिनिधिगृहात 50 जण युद्धाला ‘नाही’ म्हणाले. झेंड्यावर डॉलरचं चिन्ह काढताय, असं सिनेटर नॉरिस यांनी सिनेटमध्ये तोंडावर सुनावलं.

आपल्याकडे 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कायदेमंडळाला न विचारता भारत युद्धात ओढला. ‘नाही’ म्हणायची पाळीच कुणावर आली नाही. ज्या देशाचं हे झालंय, त्याने मत राखून ठेवलं तर त्याला भित्रा म्हणणं मला पटत नाही.

मग रशियन तेल? पैसा हाच सर्वांत वाईट माल, ही ब्रायन यांची कसोटी तिथेही लागते, आणि वाद घालताना मी ते सोयीने शेवटाला ठेवतो, हे कबूल.

वर मी सहज ‘आपल्याकडे’ लिहिलं. मी राहतो त्या अमेरिकेत मात्र ग्रीन कार्डवाल्याचा मुलगा अठराचा झाला की त्याचं नाव सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीसाठी ठेवलेल्या, यादीत जातं. ती यादीही ‘आपल्याकडची’च.