बियरची बाटली फ्रीजरमध्ये? नका हो!

‘बियर शिळी होऊ नये म्हणून पाच जालीम उपाय’ हा मेसेज फिरत फिरत परवा फॅमिली ग्रुपवर आला. मामांनी हौसेने टाकला, खाली सात-आठ अंगठेही पडले. म्हणून हे.

आधी सगळ्यात घातक उपाय. ‘सीलबंद बाटली डीप फ्रीजरमध्ये आडवी ठेवा, गॅस गोठतो आणि मुदत दुप्पट होते.’ अहो, साध्या दाबाला कार्बन डायऑक्साइडचा बर्फ व्हायला उणे 78 अंश लागतात. घरचा फ्रीजर उणे 18 चा. गोठतं ते बियरमधलं पाणी, तेही उणे 2-3 अंशांनाच. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान नऊ टक्के वाढतं आणि बाटलीच्या मानेत तेवढी जागा नसते. शिवाय बर्फ गॅस धरून ठेवत नाही, उरलेल्या द्रवात ढकलतो, म्हणजे दाब आणखी वाढतो. मग काच फुटते, नाहीतर झाकण किंचित उचकटून गॅस निघून जातो. सगळ्यात वाईट म्हणजे न दिसणारा तडा: ओपनर लावला की बाटली हातात फुटते. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली पंधरा-वीस मिनिटं बुडवा.

‘उघड्या बाटलीत चमचा अडकवा.’ 1994 मध्ये स्टॅनफर्डचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झेअर यांनी शॅम्पेनवर हे करून पाहिलं. चमच्याने काही फरक पडला नाही. बियरच्या बाटलीतला चमचा काही वेगळा नसतो.

‘चिमूटभर खायचा सोडा टाका.’ अर्धा ग्रॅम सोड्यातून फार तर पाव ग्रॅम गॅस निघतो. भरलेल्या 650 मिलीच्या बाटलीत तीन ग्रॅमच्या वर असतो. त्यात सोड्याच्या कणांवर बुडबुडे धरतात आणि होता तो गॅसही फसफसून जातो. चव खारट, साबणासारखी.

‘तारीख उलटली की विष.’ नाही. आंबटपणा, अल्कोहोल आणि हॉप्समुळे (बियरला कडवटपणा देणारी फुलं) माणसाला आजारी पाडणारे जंतू बियरमध्ये वाढत नाहीत. ऑक्सिजनमुळे ओल्या पुठ्ठ्याची चव येते, एवढंच.

‘गार बाटली पुन्हा गरम झाली की गेली.’ हे अर्धं खरं, मानावंच लागेल. गार-गरम होण्याचा दोष नाही, उष्णतेत किती वेळ गेला त्याचा आहे. ब्रुअरीवाल्यांचा ढोबळ हिशेब: 32 अंशांना तीन दिवसांत बियर जेवढी शिळी होते, तेवढी व्हायला 22 ला तीस दिवस लागतात, 3 ला तीनशे. नागपुरात मे महिन्यात डिकीत राहिलेली पेटी कुठे बसते ते बघा. हिरवी बाटली असेल तर उन्हाने आणखी नासते. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते.

उरलेली बियर टिकवायचीच असेल तर गार असतानाच सोड्याच्या छोट्या प्लास्टिक बाटलीत कडेने, फेस न करता, अगदी गळ्यापर्यंत भरा. झाकण घट्ट, बाटली फ्रिजमध्ये उभी. वर हवा उरली म्हणून बाटली दाबून झाकण लावू नका. ती फुगून पूर्ववत होताना गॅस बियरमधूनच ओढते. दुसऱ्या दिवशी संपवा.