पेटीवर पहारा कशाला? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंत, "ज्याच्या मनात चोरी नाही, त्याला पेटीपाशी कुणी उभं राहिलं तर भीती कसली? आपल्याकडे केंद्रात जाऊन मत देतात, तसं तिथेही द्यावं." हे 'भीती कसली' मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑक्टोबर 2022 मध्ये इथे अमेरिकेतल्या ॲरिझोनात, मेसा शहरातल्या ड्रॉप बॉक्सजवळ, म्हणजे घरी भरलेल्या मतपत्रिकेचं पाकीट टाकायच्या पेटीजवळ, दोघे उभे होते. तोंडं झाकलेली, अंगावर लष्करी थाटाचा पेहराव, जवळ हत्यारं. पेट्यांवर पाळत ठेवणारे इतरही होते. ते येणाऱ्यांचे आणि गाड्यांचे फोटो काढत. न्यायालयाने आधी मनाई करायला नकार दिला. मग 1 नोव्हेंबरला आदेश काढला: पाळत ठेवणाऱ्या गटाने पेटीपासून 75 फूट लांब राहायचं, 250 फुटांच्या आत उघड शस्त्र बाळगायचं नाही, चिलखती जाकीट घालायचं नाही. तुम्ही आपल्याकडचा दाखला दिलात. तिथे तर मतदानाच्या दिवशी केंद्राच्या 100 मीटर परिसरात साधा प्रचारही चालत नाही!

आता चोरीचं. मी पेटीपाशी जाते तेव्हा माझ्या हातात तीन पाकिटं असतात: माझं, नवऱ्याचं, सासूबाईंचं. इथल्या 2016 च्या कायद्याने दुसऱ्याची मतपत्रिका गोळा करणं गुन्हा आहे, पण कुटुंबातल्या, घरातल्या किंवा सांभाळ करणाऱ्या माणसाला सूट आहे. गाडीत बसून फोटो काढणाऱ्याला माझ्या सासूबाई कशा दिसणार? त्याला दिसतात फक्त तीन पाकिटं. प्रत्येक पाकिटावरची सही निवडणूक कार्यालयात नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. चोरी पकडायची जागा ती आहे.

मतपत्रिका गोळा करण्याबद्दलचा तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी कायम ठेवला. मला तो जाचकच वाटतो. नवाहो या इथल्या मूळनिवासी समाजाच्या वस्त्यांमध्ये बऱ्याच घरी टपाल दारापर्यंत येत नाही, आणि तिथली नाती गोत्रावरून दूरवर पसरलेली असतात. कायद्याच्या 'कुटुंबा'त ती सगळी बसत नाहीत.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. केंद्रातल्या आडोशाला मतदार एकटा असतो. घरच्या टेबलावर मतपत्रिका भरताना शेजारी नवरा बसलेला असू शकतो, सासरा असू शकतो. तिथे कुठलाही पहारा पोचत नाही. म्हणून ओळखीच्या बायकांना मी सांगते, घरात मोकळेपणा नसेल तर ते पाकीट भरूच नका. केंद्रात जाऊन मत द्यायची मुभा इथेही आहे.