खुलासा: डबस्टेप २०१०मध्ये जन्मलेलं नाही

‘डबस्टेप अमेरिकेत स्क्रिलेक्स या संगीतकाराने २०१०मध्ये सुरू केलं आणि लोक तेव्हाच त्याच्या प्रेमात पडले’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचं, २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. सुरुवातीच्या श्रोत्यांना ते सापडलं रिन्स एफएम या तेव्हा विनापरवाना चालणाऱ्या रेडिओवर आणि २००५पासून लंडनच्याच ब्रिक्स्टनमधल्या डीएमझी या क्लब-कार्यक्रमाच्या रात्रींमध्ये. तिथला खोल बेस, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला आवाज, कानांआधी छातीत जाणवायचा. लोक वेडे झाले ते त्यासाठी. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते कळणारच नाही! जानेवारी २००६मध्ये रेडिओ निवेदिका मेरी ॲन हॉब्स यांनी बीबीसी रेडिओ १वर डबस्टेपचा खास कार्यक्रम केला आणि लंडनबाहेरचेही असंख्य कान टवकारले. स्क्रिलेक्समुळे प्रचंड नवा श्रोतृवर्ग आला हे खरंच, पण तो नंतरचा.