साडेपाचच्या आधीचे पोहे

ज्या घरात एकाच खिळ्याला दोन कॅलेंडरं लटकलेली असतात त्या घरातल्या माणसाला डेटाबेसमधल्या तारखा काय घाबरवणार, असं आपलं मला वाटायचं. इंदूरच्या मराठी घरात हे असतंच. आमचा श्रावण लागायच्या पंधरा दिवस आधीच शेजारच्या आंटींचे सोमवार सुरू झालेले असतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. जन्माष्टमी मात्र दोन्ही घरी त्याच रात्री, आमच्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भादोंची कृष्ण अष्टमी, आणि ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत २६ ऑगस्ट २०२४. दिवस एक, लिहायचे प्रकार तीन. यावरून आमच्या गल्लीत कधी भांडण झालेलं नाही, दोन्हीकडचा प्रसाद खायचा आणि मोकळं व्हायचं. डेटाबेस प्रसाद खात नाही, सगळी अडचण तिथे आहे.

तर एक शेठजी आहेत. सकाळी पोहे-जलेबीचं दुकान, रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सोन्याच्या बाजारात रात्री लागणाऱ्या खाऊगल्लीत, ठेला. दोन्हीकडचा बिलिंगचा डेटा एका जागी आणायचा आणि रोजची विक्री दाखवायची, "बस भिया, इत्ता सा काम है." आधी हे काम करणारा मुलगा पुण्याला निघून गेलेला, इंदूरचे सगळे डेव्हलपर शेवटी तिकडेच जातात, आणि जाताना त्याने तारखेचा कॉलम वारचारमध्ये ठेवला होता. म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने ती तारीख नाहीच, नुसती अक्षरं. सॉर्ट करा, सगळ्या महिन्यांची एक तारीख आधी येते, मग सगळ्यांची दोन, वर्षाचा तर पत्ताच नाही. त्यात दुकानाचं मशीन दिवस-महिना-वर्ष लिहितं, ऑनलाइन ऑर्डरची फाइल अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहिते, आणि मुनीमजींच्या एक्सेलमधून आलेल्या ओळींत तारखेच्या जागी ४५२९२ असा आकडा. मी आधी ही रक्कम समजलो, जलेबीची असेल लग्नाच्या ऑर्डरची, पण नाही, एक्सेल आतून दिवस मोजतं आणि ४५२९२ म्हणजे १ जानेवारी २०२४. काही ठिकाणी ००००-००-०० होतं, मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग ढिली ठेवली तर ही तारीखपण आत जाते. आणि एका ओळीत लिहिलेलं "होली के बाद". वारचार आहे, घेतलं त्याने.

३/४ म्हणजे तीन एप्रिल का चार मार्च हा वाद तर जगजाहीर आहे, पण त्यातली खरी लबाडी अशी की तेरा तारखेपासून पुढे काही त्रास नसतो. तेरावा महिनाच नाही त्यामुळे क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तिथे एरर देते आणि आपल्याला कळतं. बारापर्यंत ती काही बोलत नाही. मी बसून हिशोब केला, बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस म्हणजे १४४, त्यातले एक-एक, दोन-दोन असे बारा सोडा, उरले १३२. वर्षात १३२ दिवस असे की तारीख उलटी वाचली तरी कोणाला पत्ता लागत नाही, रिपोर्ट आपला हिरव्या रंगात हसत उभा.

यावर औषध नाही असं नाही. आयएसओ ८६०१ हे स्टँडर्ड १९८८ साली आलं, आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की अक्षरं समजून सॉर्ट केलं तरी क्रम बरोबर लागतो. आमच्याकडे नवीन लागलेला पोरगा म्हणाला, सर एवढ्या वर्षांपासून नियम आहे तर लोक पाळत का नाहीत. मी त्याला खिडकीतून पलासियाचा चौक दाखवला आणि म्हटलं, हेल्मेटचापण आहे.

बरं आपले पूर्वज या बाबतीत काही धुतल्या तांदळाचे नव्हते. पेशवाईतले कागद बघा, साल शुहूर सनात, म्हणजे तेव्हाच्या कागदोपत्री कालगणनेत, तेही आकड्यात नाही, अरबी शब्दांत, "इहिदे सितैन मया व अलफ", म्हणजे ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला बदलतं, तेव्हा कुठे १७६०-६१ हाती लागतं, पानिपतचं साल. महिना मुसलमानी, दिवस चंद्राचा. वारचारच की हो हा. इतिहासवाल्यांनी जंत्र्या करकरून तो वाचायचा आणि आपण मुनीमजींच्या नावाने बोटं मोडायची.

त्या नव्या पोराला मी बिलांवरची वेळ छापून दाखवायचं सोपं काम दिलं, कोणत्या तासाला गर्दी असते ते. त्याने सांगितलं की मार्चमधलं प्रत्येक गिऱ्हाईक कुठल्याही तासाला तीन मिनिटांनीच येतं. सहा वाजून तीन, सात वाजून तीन, आठ वाजून तीन. शेठजींना हे इतकं आवडलं की कढई किती वाजता तापवायची यावर ते विचार करायला लागले. भानगड ही की तारखेच्या फॉरमॅटमध्ये एम हे अक्षर महिन्याने आधीच बळकावलंय, मिनिटाला मायएसक्यूएलमध्ये आय आहे आणि ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये एमआय, आणि याने मिनिटाच्या जागी महिनाच छापला. एप्रिलचा रिपोर्ट काढला असता तर सगळे चार मिनिटांनी आले असते.

मग ३१ मार्च. सीए साहेबांचा फोन, वर्षाच्या शेवटच्या दिवशी विक्री शून्य कशी. पुण्याला गेलेल्या मुलाने क्वेरीत बिटवीन, म्हणजे दरम्यान, एक मार्च आणि एकतीस मार्च लिहिलेलं. माणसाला वाटतं एकतीस आलं की त्यात, पण कॉलममध्ये वेळ असेल तर नुसती तारीख म्हणजे तो दिवस सुरू होतानाचे रात्रीचे बारा ठोके. त्यानंतरचा अख्खा दिवस बाहेर. एक मार्चपासून पुढे आणि एक एप्रिलच्या आत, असं लिहावं लागतं. याला दोन मिनिटं लागली, पण सीए साहेबांचा आवाज खाली यायला बराच वेळ लागला.

खरा तमाशा त्यानंतरचा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेवर, होतं, असावंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेपाच, आणि रिपोर्टात नुसतं डेट लावून ग्रुप बाय केलेलं, म्हणजे त्या यूटीसी तारखेप्रमाणे विक्रीचे गठ्ठे बांधलेले. दुकान उघडतं पाचला. तेव्हा पाच ते साडेपाच जे पोहे खाऊन जातात, फिरायला निघालेले, रात्रपाळीचे, स्टेशनवरून उतरलेले, त्यांचे सगळे पैसे आदल्या दिवसात. सकाळच्या मॅनेजरचं म्हणणं, माझा गल्ला रोज कालच्याला देऊन राहिले तुम्ही. बरोबरच होतं त्याचं, मी साडेपाच तास मिळवले, पोहे आपल्या तारखेला आले, सगळे खूष.

दुसऱ्या दिवशी सराफ्याचा मॅनेजर. तिकडे दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर ठेले लागतात, गर्दी मध्यरात्र ओलांडून जाते. आधी त्याची अख्खी रात्र एका तारखेत बसायची, आता बाराला तिचे दोन तुकडे. "अच्छा भला चल रिया था भिया, ये क्या कर दिया?" म्हणजे पोह्यांसाठी जो बग होता तो सराफ्यातल्या गराडूसाठी, त्या तळलेल्या कंदासाठी, सुविधा होती.

शेठजींनी दोघांचं ऐकून निकाल दिला, दिन तो सूरज उगने से बदलता है. आता याला उत्तर काय देणार, पंचांगात वार सूर्योदयालाच बदलतो. आणि गंमत बघा, भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा ज्या उज्जैनवरून मोजायचे ते इथून तासाभराच्या रस्त्यावर, आज शून्य ग्रीनिचला गेलंय, आणि त्या ग्रीनिचची मध्यरात्र जूनमध्ये उज्जैनच्या सूर्योदयाच्या पाव तासाच्या आत येते. पुण्याला गेलेल्या त्या मुलाने नकळत पंचांगच पाळलं होतं.

शेवटी तोड अशी निघाली की दिवस पहाटे चारला बदलेल, तेव्हा सराफा झोपलेला आणि पोहे उठायचे असतात. साडेपाच तास मिळवा, चार वजा करा, उरतो दीड. हिशोबापुरतं हे दुकान यूटीसीच्या दीड तास पुढे चालतं, जगात आज कुठलाच देश या वेळेवर नाही.

हे पचल्यावर शेठजींची नवी फर्माईश आली, यंदाच्या दिवाळीची विक्री मागच्या दिवाळीशी लावून दाखवा. एक वर्ष वजा करून भागत नाही हे सांगितलं, २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, पुढची ऑक्टोबर संपता संपता. मी सणांचं वेगळं टेबल केलं, एका वर्षाला एक दिवाळी, युनिक, म्हणजे दुसरी टाकली की एरर. आणि विचारलं, २०२४ ची कुठली टाकू, तेव्हा तर ३१ ऑक्टोबर का १ नोव्हेंबर यावर पंडितांचंच जमत नव्हतं.

"दोनों डाल दे भिया," शेठजी म्हणाले, "काजूकतली दोनों दिन बिकी थी."